खान्देशात जमिनीवर ऊन किती पोचतं? घरबसल्या अंदाज बांधण्याची पद्धत

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या घरात गेला की जो तो म्हणतो, यंदा ऊन फार. जुलैत आठ-आठ दिवस आभाळ भरून राहिलं की तीच माणसं म्हणतात, सूर्यच दिसला नाही. आता याच्या शेजारी एक आकडा ठेवून बघा. वातावरणाच्या पार वर, जळगावच्या बरोबर डोक्यावर, १५ मे आणि १५ जुलै या दोन दिवशी सूर्याकडून येणारी ऊर्जा जवळपास सारखीच असते. दर चौरस मीटरला दिवसभरात मे महिन्यात ३९.४ मेगाज्यूल आणि जुलैत ३९.५ मेगाज्यूल. जमिनीवर मात्र मे महिन्यात त्यातले पंचवीस-सव्वीस पोचतात आणि पावसाळी दिवसात जेमतेम चौदा. हा सगळा फरक वाटेतली हवा आणि ढग पाडतात.

उन्हाचा अंदाज बांधायचा तर हीच गोष्ट धरून चालायचं. वरचा हिशोब भूमितीचा आहे. तो वर्षानुवर्षं बदलत नाही आणि कॅल्क्युलेटरवर पक्का निघतो. खालचा हिशोब आभाळाचा आहे, आणि तो आपल्याच गावच्या आभाळाकडे बघून करावा लागतो. छतावर सोलर बसवणारा, केळीला ठिबकनं पाणी देणारा, भूगोल शिकवणारा किंवा विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीला लागलेला विद्यार्थी, कोणालाही हे जमेल. दहावीची त्रिकोणमिती पुरते.

आधी एककं नक्की करून घेऊ. क्षणाला किती ऊन पडतंय ते वॅट प्रति चौरस मीटरमध्ये सांगतात. दिवसभरात एकूण किती पडलं ते मेगाज्यूलमध्ये सांगतात, किंवा आपल्या वीजबिलातल्या युनिटमध्ये, म्हणजे किलोवॅट-तासात. १ युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. शेतीची पुस्तकं मेगाज्यूल वापरतात आणि सोलरवाले युनिट, त्यामुळे ३.६ हा आकडा वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

वाटेत काय होतं

सूर्यापासून निघालेला प्रकाश साधारण ८ मिनिटं २० सेकंदांत पृथ्वीपाशी येतो. वातावरणाबाहेर, किरणांना काटकोनात धरलेल्या एका चौरस मीटरवर सरासरी १३६१ वॅट पडतात. जुन्या पुस्तकांत १३६७ दिसेल. मोजणी सुधारत गेली तसा आकडा थोडा खाली आला, आपल्या कामाला दोन्ही चालतात. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सगळ्यांत जवळ आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यांत लांब असते. त्यामुळे हा आकडा वर्षभरात तीन-सव्वातीन टक्के वरखाली होतो. म्हणजे आपल्याकडे थंडी असते तेव्हा सूर्य उलट जवळ असतो. थंडी पडते ती किरणं तिरपी येतात आणि दिवस लहान असतो म्हणून.

वातावरणात शिरल्यावर गळती सुरू होते. वरच्या थरातला ओझोन अतिनील किरणं शोषून घेतो. खालच्या थरातली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्त भागातले पट्टेच्या पट्टे गिळतात. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून आभाळ निळं. धूळ आणि धूर सगळ्याच रंगांचा प्रकाश विखुरतात, म्हणून एप्रिल-मे महिन्यात वारं सुटलं की आपल्याकडचं आभाळ निळं न राहता दुधट, मातकट होतं. ढग तर आलेला बराचसा प्रकाश थेट वरच परतवतात.

विखुरलेला सगळा प्रकाश वाया जात नाही. त्यातला बराचसा आभाळाच्या सगळ्या बाजूंनी खाली येतो. म्हणून जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाचे दोन वाटे असतात. एक थेट ऊन, ज्याची सावली पडते. दुसरं पसरलेलं ऊन, ज्याची सावली पडत नाही. निरभ्र दिवशी पसरलेल्या उन्हाचा वाटा साधारण दहा ते वीस टक्के असतो, आणि गच्च ढगाळ दिवशी जवळपास सगळंच ऊन पसरलेलं असतं. दोन्ही मिळून सपाट जमिनीवर जे पडतं तेच आपल्याला काढायचं आहे. हवामान खातं त्याला सौर प्रारण म्हणतं.

किरणांना हवेचा किती जाड थर ओलांडावा लागतो यावरही बरंच ठरतं. सूर्य डोक्यावर असताना हा थर १ धरला, तर २१ डिसेंबरच्या दुपारी जळगावात तो १.४ होतो. सकाळी सूर्य क्षितिजाच्या फक्त १५ अंश वर असताना तो पावणेचारपट असतो. सकाळचं ऊन कोवळं लागतं त्यामागे हे कारण आहे, आणि शिवाय तिरप्या किरणांची तीच ऊर्जा जास्त जमिनीवर पसरते.

पहिली पायरी: गावाचा अक्षांश आणि खरी दुपार

सगळ्या हिशोबाचा पाया अक्षांश. जळगाव साधारण २१.० अंश उत्तर, धुळे २०.९ आणि नंदुरबार २१.४. तिन्ही जिल्ह्यांसाठी २१ धरलं तरी दिवसाच्या एकूण उन्हात नाव घेण्यासारखी चूक होत नाही. फोनच्या नकाशात आपल्या गावाचा अक्षांश मिळतो, पण दशांशाच्या मागे फार धावू नका.

घड्याळाच्या बाबतीत मात्र चोख राहावं लागतं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, म्हणजे मिर्झापूरकडची. जळगाव ७५.६ वर आहे. दर अंशाला ४ मिनिटं या हिशोबानं आपला सूर्य सरासरी २८ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. धुळ्याला हा उशीर ३१ मिनिटांचा आणि नंदुरबारला ३३ मिनिटांचा. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि आसाच्या कलामुळे वर्षभर आणखी चढउतार होतो. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य १४ मिनिटं मागे असतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. त्यामुळे जळगावची खरी दुपार फेब्रुवारीत १२:४२ च्या सुमारास होते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१२ च्या सुमारास. दुपारी बाराला मोजमाप घेणारा माणूस वर्षभर थोडं थोडं चुकीचंच मोजत राहतो.

हे स्वतः तपासायला एक मीटरची सरळ काठी पुरे. गच्चीवर किंवा खळ्यात, पाणसाळ लावून सपाट केलेल्या जागी ती ओळंब्यात उभी करा. ११:४५ पासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करत जा. सर्वांत आखूड सावली पडली ती खरी दुपार, आणि ती सावली उत्तर-दक्षिण रेषाही दाखवते. होकायंत्र लागत नाही. २१ मार्चच्या सुमारास जळगावात ही सावली ३८ सेंटिमीटर भरेल आणि २१ डिसेंबरला ९८ सेंटिमीटर. २१ जूनला फक्त चारेक सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे, कारण तेव्हा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यानंतर असा एकेक दिवस येतो की सावली काठीच्या बुडाशीच राहते. जुलैतला दिवस बहुतेक वेळा ढगात जातो, म्हणून मेचा पकडा. मुलांना तर हे जरूर दाखवा. पुस्तकातलं कर्कवृत्त त्यांना एका दुपारी कळून जातं.

दुसरी पायरी: वरचं ऊन

वातावरण नसतंच तर सपाट जमिनीवर दिवसाला जेवढं ऊन पडलं असतं, त्याला मी इथे वरचं ऊन म्हणतो. रीत अशी. एक जानेवारीपासून आजचा दिवस कितवा ते मोजा. १५ मे हा १३५ वा. त्यावरून सूर्याची क्रांती काढा, म्हणजे त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला (दक्षिणेला असेल तर उणे) आहे ते:

क्रांती = २३.४५ × साइन [३६० × (२८४ + दिवस क्रमांक) ÷ ३६५]

१५ मेसाठी ती १८.८ अंश येते. मग सूर्यास्ताचा कोन काढायचा, म्हणजे खऱ्या दुपारपासून मावळेपर्यंत पृथ्वी जेवढे अंश फिरते तो. त्या कोनाचा कोसाइन = – टॅन(अक्षांश) × टॅन(क्रांती). जळगावसाठी हा गुणाकार –०.१३१, म्हणून कोन ९७.५ अंश. त्याची दुप्पट करून १५ नं भागलं की दिवसाची लांबी मिळते, १३ तास.

शेवटचं सूत्र थोडं लांब आहे, पण अवघड नाही:

वरचं ऊन = ३७.६ × अंतर-गुणक × [कोन × साइन(अक्षांश) × साइन(क्रांती) + कोसाइन(अक्षांश) × कोसाइन(क्रांती) × साइन(कोन)]

अंतर-गुणक म्हणजे १ + ०.०३३ × कोसाइन(३६० × दिवस क्रमांक ÷ ३६५). १५ मेला तो ०.९७७. चौकटी कंसातला पहिला, एकटा 'कोन' अंशात लिहायचा नाही, रेडियनमध्ये लिहायचा. म्हणजे ९७.५ ला ५७.३ नं भागायचं, १.७०२ येतात. बहुतेकांचं उत्तर बिघडतं ते याच जागी. सगळं घातलं की ३७.६ × ०.९७७ × १.०७३ = ३९.४ मेगाज्यूल.

२१ अंश अक्षांशासाठी, दर महिन्याच्या १५ तारखेचे आकडे खाली काढून ठेवले आहेत. पहिला आकडा वरच्या उन्हाचा, मेगाज्यूल प्रति चौरस मीटर. दुसरा दिवसाच्या लांबीचा, तासांत.

जानेवारी: २६.२ आणि १०.९
फेब्रुवारी: ३०.२ आणि ११.३
मार्च: ३४.४ आणि ११.९
एप्रिल: ३७.९ आणि १२.५
मे: ३९.४ आणि १३.०
जून: ३९.७ आणि १३.३
जुलै: ३९.५ आणि १३.२
ऑगस्ट: ३८.३ आणि १२.७
सप्टेंबर: ३५.५ आणि १२.१
ऑक्टोबर: ३१.४ आणि ११.५
नोव्हेंबर: २७.१ आणि ११.०
डिसेंबर: २५.१ आणि १०.७

एप्रिल ते ऑगस्ट हे आकडे एकमेकांना किती चिकटून आहेत ते बघा. हा तक्ता चोपड्याला, साक्रीला, शहाद्याला, पाचोऱ्याला सगळीकडे चालेल, आणि पुढच्या वर्षीही हाच राहील.

तिसरी पायरी: सूर्यप्रकाशाचे तास

आता आभाळाचा हिशोब. सगळ्यांत भरवशाची सोपी रीत सूर्यप्रकाशाच्या तासांची. स्वीडनचे शास्त्रज्ञ आंगस्ट्रॉम यांनी १९२४ मध्ये तिची मांडणी केली आणि प्रेस्कॉट यांनी १९४० मध्ये तिला आजचं रूप दिलं:

जमिनीवरचं ऊन = [०.२५ + ०.५० × (प्रत्यक्ष सूर्यप्रकाशाचे तास ÷ दिवसाची लांबी)] × वरचं ऊन

स्थानिक मोजणीतून काढलेले गुणक हाताशी नसतील तर ०.२५ आणि ०.५० वापरा, अशी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची शिफारस आहे. सूत्राचा अर्थही सरळ आहे. सूर्य दिवसभर दिसलाच नाही तरी चतुर्थांश ऊन ढगांतून झिरपून खाली येतं, आणि दिवसभर लख्ख असेल तर तीन चतुर्थांश.

प्रत्यक्ष तास कुठून आणायचे? कृषी विद्यापीठांच्या हवामान केंद्रांवर काचेचा भरीव गोळा असलेलं यंत्र बसवलेलं असतं. गोळा सूर्याची किरणं एका बिंदूवर आणतो, मागच्या जाड कागदी पट्टीवर जळाल्याची रेघ उमटत जाते, आणि ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी जळालेल्या रेघेची लांबी मोजली की तास मिळाले. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा संशोधन केंद्रात विचारून बघा, नोंदी मिळण्यासारख्या असतात.

ते जमत नसेल तर काठी आहेच. दर अर्ध्या तासानं सावलीकडे बघा. सावलीची कड स्पष्ट असेल तर अर्धा तास जमा, कड विरघळलेली असेल तर नाही. दिवसभर हे जमणार नाही, पण घरात गृहिणी, शाळेतली मुलं, दुकानावर बसणारे आजोबा यांनी पाळ्या वाटून घेतल्या तर महिन्याभराची वही सहज भरते. पापड, बिबडे वाळत घातलेल्या घरात तर आभाळाकडे अर्ध्या अर्ध्या तासानं कोणी ना कोणी बघतच असतं.

तीन उदाहरणं करून बघू. मे महिन्यातला चांगला दिवस, साडेदहा तास ऊन: १०.५ ÷ १३ = ०.८०८, त्याचं अर्ध ०.४०४, त्यात ०.२५ मिळवले की ०.६५४. गुणिले ३९.४, म्हणजे २५.८ मेगाज्यूल किंवा ७.२ युनिट. जुलैतला ढगाळ दिवस, तीन तास ऊन: उत्तर १४.४ मेगाज्यूल, म्हणजे ४ युनिट. डिसेंबरातला स्वच्छ दिवस, साडेनऊ तास: १७.४ मेगाज्यूल, ४.८ युनिट. डिसेंबरात आभाळ मेपेक्षा निवळ असूनही ऊन दोन तृतीयांशच भरतं, कारण मुळात वरचंच ऊन कमी.

उत्तर बरोबर आहे का हे बघायला एक कमाल मर्यादा लक्षात ठेवा. निरभ्र दिवशी जमिनीवर पोचणारं जास्तीत जास्त ऊन = (०.७५ + ०.००००२ × समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये) × वरचं ऊन. जळगाव दोनेकशे मीटरवर आहे, म्हणून मे महिन्यात ही मर्यादा २९.७ येते. तुमचा आकडा याच्या पुढे गेला तर हिशोबात कुठेतरी गफलत आहे. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर, तिथे मर्यादा अडीच टक्क्यांनी वर जाते.

चौथी पायरी: नुसतं तापमान हाताशी असेल तर

पुष्कळ गावांत तासांची नोंद नसते, पण दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळतं. त्यावरूनही अंदाज निघतो. आभाळ निरभ्र असलं की दिवसा जमीन जास्त तापते आणि रात्री उष्णता मोकळेपणी वर निघून जाते, म्हणून दोन तापमानांतलं अंतर वाढतं. ढग असले की दिवसा ऊन अडतं आणि रात्री उष्णताही अडते, अंतर कमी होतं. हार्ग्रीव्ह्ज आणि समानी यांनी १९८० च्या दशकात यावरून सूत्र मांडलं:

जमिनीवरचं ऊन = ०.१६ × √(कमाल – किमान तापमान) × वरचं ऊन

०.१६ हा समुद्रापासून दूरच्या मुलखासाठी. किनाऱ्यासाठी ०.१९ धरतात, तो आपल्या कामाचा नाही. मे महिन्यात ४३ आणि २७ असेल तर अंतर १६, वर्गमूळ ४, उत्तर २५.२ मेगाज्यूल. वरच्या २५.८ च्या अगदी जवळ. डिसेंबरात ३० आणि १३ असेल तर १६.६. जुलैत ३२ आणि २५ असेल तर १६.७ येतं. तासांच्या रीतीनं १४.४ आलं होतं. पावसाळ्यात ही रीत थोडी सैल पडते. वारं, पाऊस, ओली जमीन या सगळ्यांचा तापमानावर परिणाम होतो आणि सूत्राला तो वेगळा ओळखता येत नाही. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. आठ-दहा दिवसांची सरासरी काढावी.

तापमापक कुठे लावलाय याला फार महत्त्व आहे. तो सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर हवा. पत्र्याच्या शेडखाली टांगलेला नको. भर केळीच्या बागेतलाही नको, कारण ओलावा आणि सावली यांमुळे बागेत दिवसाचं तापमान दबलेलं असतं, अंतर कमी निघतं आणि ऊन कमी असल्याचा खोटा आकडा मिळतो.

पाचवी पायरी: उपग्रहाचे आकडे

उपग्रह वरून ढगांची चकाकी बघतो आणि त्यावरून खाली किती ऊन पोचलं ते काढलं जातं. नासाच्या 'पॉवर' या मोफत संकेतस्थळावर अक्षांश-रेखांश टाकला की १९८४ पासूनचे रोजचे आकडे मिळतात. जागतिक बँकेचा 'ग्लोबल सोलर अॅटलस' वर्षाची सरासरी नकाशावर दाखवतो. एवढंच लक्षात ठेवा की नासाच्या उन्हाच्या आकड्यांची एक चौकट एक अंशाची, म्हणजे शंभरेक किलोमीटरची असते. सपाट तापी खोऱ्यासाठी ते चालतं. धडगावच्या दऱ्याखोऱ्यांत, जिथे डोंगरामुळे सूर्य उशिरा दिसतो आणि लवकर जातो, तिथे तो आकडा जास्त असणार हे गृहीत धरा.

सहावी पायरी: स्वतः मोजा

हवामान खातं ऊन मोजतं ते पायरॅनोमीटरनं. काचेच्या घुमटाखाली काळी चकती असते, ती तापते, आणि तापण्याच्या प्रमाणात बारीकसा विद्युतदाब तयार होतो. हे यंत्र महाग असतं. घरच्या कामाला १० वॅटचं छोटं सोलर पॅनेल आणि साधा मल्टिमीटर पुरतो.

पॅनेलच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे दोन तारा थेट जोडल्यावर वाहणारा करंट, लिहिलेला असतो. समजा तो ०.६० अँपिअर आहे. हा करंट १००० वॅटच्या उन्हात मिळतो, आणि तो उन्हाच्या जवळपास सरळ प्रमाणात बदलतो. मल्टिमीटर डीसी १० अँपिअरवर ठेवा, तारा त्याच्या १० अँपिअरच्या भोकात खोचा, पॅनेल पाणसाळ लावून अगदी सपाट ठेवा, काच ओल्या फडक्यानं पुसा, आणि पॅनेलच्या दोन तारा मीटरला जोडा. ०.४८ आलं तर ०.४८ ÷ ०.६० × १००० = ८०० वॅट प्रति चौरस मीटर. हा प्रयोग छोट्या पॅनेलवरच करायचा. छतावरच्या मोठ्या पॅनेलच्या जोडलेल्या रांगेवर कधीही करू नका. तिथे डीसीची ठिणगी पेटते आणि विझत नाही.

पसरलेलं ऊन वेगळं काढायचं असेल तर वहीच्या पुठ्ठ्याचा पॅनेलपेक्षा थोडा मोठा तुकडा लांब काठीला बांधा आणि हातभर लांबून अशा बेतानं धरा की त्याची सावली पॅनेलवर नेमकी बसेल. जे वाचन उरलं ते पसरलेलं ऊन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे थेट ऊन. धुळकट दिवशी आणि पाऊस पडून आभाळ धुतलं गेल्यावर, दोन्ही वेळा हे करून बघा. धुळीमुळे थेट ऊन किती घटतं आणि पसरलेलं किती वाढतं ते आकड्यांतच दिसेल. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्यावर धूर जमिनीलगत साचलेला असतो, तेव्हाही हाच फरक दिसतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात, निळ्या आभाळात पांढरे ढग तरंगत असताना, मीटरवर नजर ठेवून बसा. ढग सूर्याकडे सरकत येतो तसा आकडा खाली जायच्या आधी उलट वर चढतो. ०.५५, ०.५८, ०.६१, कधी ०.६४. म्हणजे १००० वॅटच्याही पुढे, आणि मग एकदम ०.२ च्या खाली. सूर्य उघडाच असतो आणि शेजारच्या ढगाच्या पांढऱ्या कडेवरून आलेला जास्तीचा प्रकाश त्यात मिळतो. मीटर बिघडलेला नसतो.

दिवसाचं एकूण काढायला सकाळी ७ ते संध्याकाळी ६ दर तासाला वाचन घ्या आणि सगळी बेरीज करा. बेरीज ६३०० आली तर ६३०० वॅट-तास, म्हणजे ६.३ युनिट किंवा २२.७ मेगाज्यूल. महिन्यातून काही दिवस असं मोजून तापमानाच्या सूत्राशी पडताळा. मोजलेलं सतत कमी येत असेल तर ०.१६ चा आकडा तुमच्या गावापुरता ०.१५५ किंवा ०.१५ करून घ्या. काही हंगामांनंतर हा गुणक तुमच्या शिवाराचा होतो, आणि तो कुठल्याही पुस्तकातल्या गुणकापेक्षा खरा असतो.

आकड्याचा उपयोग: छत

छतावर ३ किलोवॅटचं सोलर असेल तर दिवसाची वीज = ३ × उन्हाची युनिटं × ०.७५. हा ०.७५ उष्णता, धूळ, तारा, इन्व्हर्टर यांतल्या गळतीसाठी. सपाट उन्हाच्या हिशोबानं मे महिन्यात १६, जुलैत ९ आणि डिसेंबरात ११ युनिट येतात. पॅनेल दक्षिणेकडे २१ अंश कललेलं असेल तर चित्र बदलतं. डिसेंबरात किरणं त्याच्यावर बरीच सरळ पडतात आणि आकडा १३-१४ पर्यंत जातो. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असल्यानं उलट घट होऊन साडेचौदाच्या आसपास राहतो. शिवाय मे महिन्यात पॅनेल स्वतः ६० ते ६५ अंशांपर्यंत तापतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे भर दुपारी चौदा-पंधरा टक्के तिथेच गेले. म्हणून खान्देशातल्या उन्हाळ्यात पॅनेलखाली हवा खेळायला जागा ठेवणं आणि धूळ पुसणं या दोन गोष्टी आवर्जून करा. शेतालगतच्या घरांवर काळ्या मातीचा थर लवकर बसतो. काच गार असताना, भल्या सकाळी, पाण्यानं धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

आणि केळी

१ मिलिमीटर पाणी उडवायला चौरस मीटरमागे २.४५ मेगाज्यूल लागतात. त्यामुळे पाण्याची गरजही उन्हावरूनच निघते. तापमानाचंच सूत्र पुढे नेलं की:

रोजचं बाष्पीभवन मिलिमीटरमध्ये = ०.००२३ × (सरासरी तापमान + १७.८) × √(कमाल – किमान) × वरचं ऊन × ०.४०८

वरच्याच उदाहरणांतले आकडे घातले तर मे महिन्यात ७.८, जुलैत ४.५ आणि डिसेंबरात ३.८ मिलिमीटर येतात. भरात आलेल्या केळीसाठी याला १.१ नं गुणा. दीड बाय दीड मीटरवर लागवड असेल तर एका झाडाच्या वाट्याला २.२५ चौरस मीटर येतात, आणि १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. मे महिन्यात ७.८ × १.१ × २.२५, म्हणजे झाडाला रोज सुमारे १९ लिटर. डिसेंबरात साडेनऊच्या आतबाहेर. जुलैत ११, आणि त्यातून पडलेला पाऊस वजा करायचा. रोप लहान असताना जमिनीचा थोडाच भाग झाकलेला असतो, तेव्हा हा आकडा निम्म्याच्याही खाली ठेवा.

ठिबक किती वेळ चालवायचं हे यावरून काढताना तोटीवर छापलेला ताशी लिटरचा आकडा जसाच्या तसा धरू नका. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या झाडापाशी तोटीखाली वाटी ठेवून दहा मिनिटांत किती पाणी पडतं ते मोजा, त्याला ६ नं गुणा, आणि तीनही ठिकाणांत सगळ्यांत कमी भरेल त्या आकड्यावर वेळ बसवा.